रत्नागिरीचं मनोरुग्णालय (१८८६): जुनी कागदपत्रं कुठे शोधायची आणि आज तिथे नेमकं काय चालतं?

सड्यावरचा_वारा

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकात रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयावर एक सविस्तर लेख करायचा आहे. आत्तापर्यंत हाती लागलंय ते एवढंच: स्थापना १८८६, मंजूर खाटा ३६५, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी सगळ्यात लहान. वर्तमानपत्रांतली कात्रणं दोनच तऱ्हेची मिळतात. एक ‘कर्मचाऱ्यांची पदं रिक्त’ आणि दुसरी ‘इतक्या वर्षांनी रुग्ण घरी परतला’. या दोन बातम्यांच्या मधलं, म्हणजे संस्था चालते कशी, हे कुठेच सापडत नाही.

जाणकारांना चार गोष्टी विचारायच्या आहेत.
१. १८८६ च्या आसपासचे अहवाल, नकाशे, आकडेवारी कुठे मिळेल?
२. औषधं येण्याआधी तिथे उपचार म्हणून काय करत? आणि आता वॉर्डात काय करतात?
३. आज रुग्ण दाखल होतो तो कुठल्या रीतीने? गावात अजून ‘कोर्टाची ऑर्डर लागते’ असंच सांगतात.
४. बरे झालेले लोकही वर्षानुवर्षं आत का राहतात?

ऐकीव किस्से नकोत. कलमं, सालं, पद्धत असं काही असेल तर फार उपयोग होईल.

---

दप्तरदार

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

आधी चारही संस्था शेजारी शेजारी मांडून घ्या. नागपूर १८६४, रत्नागिरी १८८६, ठाणे १९०१, आणि येरवडा. मंजूर खाटा येरवड्याला २५४०, ठाण्याला १८५०, नागपूरला ९४०, रत्नागिरीला ३६५, म्हणजे एकूण ५६९५. लेखात ‘मंजूर खाटा’ आणि ‘दाखल रुग्ण’ यांची गल्लत होऊ देऊ नका. बातम्यांमध्ये ती सर्रास होते, आणि मग मंजूर आकड्यावरून ‘एवढे हजार रुग्ण’ असे मथळे येतात.

नागपूर त्या काळी मध्य प्रांतात होतं. त्याचे अहवाल मुंबई इलाख्याच्या कागदांत शोधाल तर वेळ फुकट जाईल, ते जबलपूरसोबत सापडतात. मुंबई इलाख्याच्या एकत्रित वार्षिक अहवालात कुलाबा, पुणे, अहमदाबाद, धारवाड, रत्नागिरी आणि सिंधमधलं हैदराबाद अशा संस्था येतात. ठाण्याची संस्था नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाची. जुन्या कागदांत ती ‘नौपाडा’ म्हणून शोधावी लागते. कुलाब्याला गर्दी मावेना, तो ताण ठाणे आणि येरवडा उभं राहण्यामागे आहे. रत्नागिरीची जागा या रांगेत वेगळी आहे: समुद्रमार्गाने मुंबईशी जोडलेलं, पण रस्त्याने सगळ्यांपासून लांब. (ब्रह्मदेशच्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं तेही एप्रिल १८८६ मध्ये. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडायचं कारण नाही, पण त्या वर्षीचं गाव डोळ्यासमोर आणायला उपयोग होईल.)

कागद कुठे मिळतील: स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिशकालीन भारतातल्या वैद्यकीय अहवालांचा मोठा संग्रह स्कॅन करून फुकट ठेवला आहे, त्यात ल्युनॅटिक असायलमचे, म्हणजे तेव्हाच्या मनोरुग्णालयांचे, वार्षिक अहवाल आहेत. शोधताना ‘मेंटल हॉस्पिटल’ टाकू नका. ते नाव १९२० नंतरचं, त्याआधी सगळीकडे ‘असायलम’. रत्नागिरीचं इंग्रजी स्पेलिंग काही जुन्या कागदांत ‘आर-यू-टी’ने सुरू होतं आणि ठाण्याच्या शेवटी ‘ए’ असतो. दोन्ही तऱ्हेने शोधा. पत्रव्यवहार हवा असेल तर मुंबईच्या पुराभिलेखागारात जनरल डिपार्टमेंटची बाडं पाहावी लागतील. तिथे जायच्या आधी अहवालातून सालं काढून ठेवा, कारण बाड सालानुसार मागवावं लागतं. ‘असायलमसंबंधी सगळं द्या’ म्हणून काही हाती पडत नाही.

गॅझेटियरचा एक घोटाळा टाळा. रत्नागिरी-सावंतवाडीचा जुना खंड १८८० चा आहे. १८८६ ची संस्था त्यात शोधण्यात अर्थ नाही. स्वातंत्र्यानंतरची सुधारित आवृत्ती पाहा.

आता आकडे वाचायचे कसे. अहवालातल्या कोष्टकांत वर्षारंभीची संख्या, नवे दाखल, बरे होऊन गेलेले, सुधारून नातेवाइकांच्या हवाली केलेले, मृत, आणि ‘रोजची सरासरी संख्या’ असे रकाने असतात. मृत्यूचं प्रमाण रोजच्या सरासरीवर काढलेलं असतं. बरे होण्याचं प्रमाण मात्र कधी नव्या दाखल रुग्णांवर, कधी सरासरीवर. दोन वर्षांची टक्केवारी शेजारी ठेवण्याआधी भाजक कोणता ते बघा, नाहीतर नसलेली सुधारणा दिसेल.

सगळ्यात फसवा रकाना ‘वेडाचं कारण’ हा. त्यात गांजा फार दिसतो. १८९३-९४ च्या हेंप ड्रग्ज कमिशनने, म्हणजे गांजा-भांगेच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी आयोगाने, देशभरातल्या असायलमांत १८९२ साली दाखल झालेल्या १३४४ जणांची प्रकरणं उकरून पाहिली. रजिस्टरांत गांजा-भांगेच्या नावावर २२२ प्रकरणं मांडलेली होती. चौकशीअंती आयोगाने त्यांतली ९८ मान्य केली, आणि त्यातही इतर कारणं मिसळलेली बरीच. झालं असं होतं की रुग्णाबरोबर पोलिसांकडून एक वर्णनपत्र यायचं, त्यात ‘कारण’ असा रकाना होता आणि तो रिकामा ठेवायची सोय नव्हती. माणूस रस्त्यावर सापडलेला, ओळख नाही, नातेवाईक नाही. शिपाई किंवा कारकून ‘गांजा’ लिहून मोकळा व्हायचा. असायलमच्या रजिस्टरात तेच उतरायचं, आणि तिथून छापील अहवालात. तुमच्या लेखात तो रकाना छापणार असाल तर त्याच्या शेजारी हे छापा, ही आग्रहाची विनंती.

अलीकडची माहिती (इमारतींची सालं, खाटा, पदं) माहितीच्या अधिकारात मागता येते. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, झेरॉक्सचे पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. चार विषय एकत्र लिहिलेत तर अर्ज त्याच कारणावर अडतो. बांधकामाची माहिती रुग्णालयाकडे नसली तर सार्वजनिक बांधकाम विभागाला वेगळा अर्ज करा. रुग्णांची नावं मागू नका, ती मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत.

---

रात्रपाळी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत देते, कारण मधली रेघ अगदी ठळक आहे: १९५२. त्या साली क्लोरप्रोमाझिनचा, म्हणजे आजारच उतरवणाऱ्या औषधाचा, वापर सुरू झाला.

त्याआधी झोप आणायची औषधं होती, आजार उतरवणारी नव्हती. ब्रोमाइड, क्लोरल हायड्रेट, आणि पॅराल्डिहाइड. पॅराल्डिहाइड ज्यांनी हाताळलंय ते त्याचा वास विसरत नाहीत: श्वासावाटे बाहेर पडत राहतो आणि खोलीभर भरतो. बाकी उपचार म्हणजे काम. बागकाम, भाजीपाला, विणकाम, दळण. अहवालांत याला उपचारही म्हटलंय आणि त्याचं उत्पन्नही मांडलंय, तेव्हा दोन्ही बाजू लिहा. १९१७ मध्ये व्हिएन्नात वॅग्नर-याउरेगने मेंदूतल्या उपदंशाच्या रुग्णांना मुद्दाम हिवतापाची लागण करायला सुरुवात केली, त्याबद्दल १९२७ चं नोबेल मिळालं. १९३३ ला इन्सुलिन कोमा, १९३८ ला विजेचे झटके. आपल्याकडचा एक धागा लोक विसरतात: गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेचा वेडावर आणि रक्तदाबावर होणारा परिणाम प्रसिद्ध केला होता. त्याच मुळीतलं रेसरपिन १९५० च्या दशकात जगभर वापरलं गेलं.

आता झटक्यांबद्दल, म्हणजे ईसीटीबद्दल. सिनेमातलं चित्र डोक्यातून काढून टाका. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी करायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ ने बंदी आहे. अल्पवयीनांना पालकाची संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय अजिबात नाही. प्रत्यक्षात क्रम असा: आदल्या रात्रीपासून पोट रिकामं, लघवी करवून घ्यायची, कवळी, हेअरपिन, दागिने काढायचे. टेबलावर शीर धरून लाळ कमी करणारं इंजेक्शन, मग थायोपेंटोनसारखं भुलीचं, मग स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन. ते देण्याआधी एका पायाच्या घोट्यावर रक्तदाबाचा कफ फुगवून ठेवतात. त्यामुळे सैल करणारं औषध त्या पावलात पोचत नाही. झटका आला की बाकी शरीर शांत, फक्त ते एक पाऊल थरथरतं. त्या पावलाकडे बघून सेकंद मोजायचे. तोंडात दातांमध्ये पट्टी, बॅगने ऑक्सिजन चालू. आठवड्याला दोन किंवा तीन, असे साधारण सहा ते बारा. शुद्धीवर आल्यावर तासभर गोंधळ आणि डोकेदुखी असते. त्या दिवसांच्या आठवणी पुसट होऊ शकतात, हे रुग्णाला आधी सांगायला हवं. जेवण-पाणी सोडलेल्या खोल नैराश्यात आणि हालचालच थांबलेल्या कॅटाटोनियात याच्याइतकं लवकर काही चालत नाही.

वॉर्डात रोज जे चुकतं ते मात्र याहून साधं असतं.

गोळ्यांची फेरी. गोळी हातात दिली म्हणजे घेतली असं होत नाही. जिभेखाली, गालात, वरच्या ओठाआड दाबून ठेवतात आणि मागे जाऊन थुंकतात. कारण बहुतेक वेळा हट्ट नसतो. मान आखडते, हात कापतात, झोप उतरत नाही, म्हणून नको असते. नुसतं ‘आ करा’ म्हणून तपासणं अर्धं काम. दुष्परिणाम विचारून डॉक्टरांना सांगणं हे उरलेलं अर्धं. डोळे वर ओढले जाणं किंवा मान एका बाजूला वळून राहणं हे तर काही मिनिटांत उतरवता येतं, प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने.

महिन्याचं इंजेक्शन. फ्लुफेनाझिन डेकॅनोएट तिळाच्या तेलात असतं, २५ मिलिग्रॅम म्हणजे १ मिलि, दोन ते चार आठवड्यांनी. सुई आणि सिरिंज कोरडी ठक्क हवी, पाण्याचा अंश राहिला तर द्रव गढूळ होतो. सुई २१ नंबरची, त्याहून बारीक सुईतून तेल चढत नाही. खोल कमरेत द्यायचं आणि नंतर चोळायचं नाही.

लिथियम, म्हणजे मनःस्थितीचे टोकाचे चढ-उतार आवरणारं औषध. शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी रक्त घ्यायचं, पातळी साधारण ०.६ ते १.० मध्ये हवी. कोकणातला मे महिना, घाम, जुलाब, किंवा कुणीतरी दिलेली आयबुप्रोफेनची गोळी, यांतल्या कशानेही ती वर जाते. हात जाड कापायला लागले, चालताना झोक जायला लागला, उलट्या सुरू झाल्या की पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांना कळवायचं. ‘आजार वाढला’ म्हणून आणखी औषध दिलं जाणं ही सगळ्यात धोक्याची चूक.

बद्धकोष्ठ. ऐकायला किरकोळ वाटतं. क्लोझापिन (मानसिक आजारावरचं) आणि ट्रायहेक्सिफेनिडिल (आखडणं-कापणं कमी करणारं) ही औषधं घेणाऱ्या रुग्णात तीन दिवस शौच नाही ही नोंद सुटली तर आतडं थांबून जीव जाऊ शकतो. बोलू न शकणाऱ्या रुग्णाची ही नोंद कोण ठेवतं, हे तुम्ही भेट द्याल तेव्हा जरूर विचारा. वॉर्ड कसा चालतो ते त्या एका वहीवरून कळतं.

आणि साखळी, कोंडून ठेवणं, सक्तीने डोकं भादरणं, सक्तीचा गणवेश, बिनमोबदला काम या सगळ्याला आज कायद्याने मनाई आहे (कलम २०, ९५ आणि ९७). बांधून ठेवावं लागलंच तर मानसोपचारतज्ज्ञाची लेखी मंजुरी, फक्त धोका टळेपर्यंत, कारण आणि वेळ नोंदून.

---

मुखत्यार

‘कोर्टाची ऑर्डर लागते’ हे गावाने उगाच धरलेलं नाही. शंभराहून जास्त वर्षं ते खरं होतं.

१८५८ च्या कायद्याने भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा माणूस पोलिसांनी मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचा, डॉक्टरचा दाखला घ्यायचा आणि मॅजिस्ट्रेटने असायलमला पाठवायचं. १९१२ च्या इंडियन ल्युनसी अ‍ॅक्टने तीच ‘रिसेप्शन ऑर्डर’, म्हणजे दाखल करून घेण्याचा हुकूम, पक्की केली, आणि तुरुंगांचे महानिरीक्षक प्रत्येक असायलमचे पदसिद्ध अभ्यागत ठरवले. दवाखान्याची तपासणी तुरुंगखात्याचा अधिकारी करतो, यातच सगळं आलं. १९८७ चा कायदा १ एप्रिल १९९३ ला लागू झाला तरी रिसेप्शन ऑर्डर राहिलीच. ती गेली २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २०१८ पासून लागू आहे. मधे ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, साखळीने बांधलेले २८ जण जळून गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. साखळीबंदी कायद्यात स्वतंत्रपणे लिहिली जाण्यामागे हे आहे.

आजच्या वाटा अशा.

स्वतः होऊन (कलम ८६). सज्ञान माणूस स्वतः अर्ज करतो, संमती स्वतः देतो, जायचं म्हटलं की जाऊ शकतो. डॉक्टरला खरोखर धोका वाटला तर तपासणीसाठी जास्तीत जास्त २४ तास थांबवता येतं (कलम ८८). कायद्याच्या मते हाच नेहमीचा मार्ग असायला हवा.

आधारासह दाखल (कलम ८९). इथे अर्ज ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ करतो. रुग्णाने आधी कुणाला नेमलं नसेल तर नातेवाईक, मग काळजी घेणारी व्यक्ती, मग मंडळाने नेमलेली व्यक्ती असा क्रम. दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत वेगवेगळं तपासलेलं हवं. निकष तीन: स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा, किंवा स्वतःची काळजी घेता न येऊन जिवाला धोका. मुदत ३० दिवस. पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं. स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. संमती द्यायची क्षमता परत आली का, हे दर सात दिवसांनी पाहायचं. आली की रुग्णाची दाखल अवस्था ८६ मध्ये बदलते, हे बरेच नातेवाईक समजून घेत नाहीत.

३० दिवसांपुढे (कलम ९०). दोन मानसोपचारतज्ज्ञ, मंडळाची २१ दिवसांत मंजुरी, आणि टप्पे ९०, मग १२०, मग १८० दिवस. म्हणजे कुणीच कधी विचारलं नाही आणि माणूस आत राहिला, असं निदान कागदावर तरी होऊ शकत नाही.

रस्त्यावर सापडलेली व्यक्ती (कलम १००). पोलिसांनी २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. ‘जवळच्या’ म्हणजे ग्रामीण रुग्णालयही चालतं, थेट रत्नागिरीच गाठायला हवं असं नाही. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद ठाण्यात करायची आणि कुटुंब शोधायची जबाबदारी ठाणे अंमलदाराची. इथे चुकतं ते असं: माणूस कुठे, किती वाजता, कुठल्या गाडीतून उतरताना सापडला हे पत्रात लिहिलंच जात नाही. ‘बस स्थानक परिसरात’ एवढ्यावर भागवतात. पुढे घर शोधणाऱ्याचा पहिला धागा तिथेच तुटतो.

मॅजिस्ट्रेटचा भाग आता कलम १०२ पुरता: तपासणी आणि उपचारासाठी पाठवणं, तेही १० दिवसांपेक्षा जास्त नाही.

यापलीकडे रुग्णालयाचं एक काम लेखात हमखास राहून जातं, ते न्यायवैद्यक. आरोपी स्वतःचा बचाव करण्याच्या मनःस्थितीत आहे का, हा प्रश्न आला की न्यायालय त्याला तपासणीसाठी पाठवतं (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं ३२८ पासून पुढे, आता नागरिक सुरक्षा संहितेची ३६७ पासून पुढे). गुन्ह्याच्या वेळी कृत्याचं स्वरूप कळत होतं का, हा प्रश्न वेगळा (जुन्या दंडविधानाचं ८४, आता न्याय संहितेचं २२). दोन प्रश्न, दोन वेळा, दोन उत्तरं. आणि ज्याने गुन्हाच केला नाही अशा मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं बेकायदा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये शीला बर्वे प्रकरणात सांगितलं आहे.

दुरुस्ती: घाईत नाव चुकलं. शीला बारसे.

---

सड्यावरचा_वारा

एवढं तपशिलात मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. दप्तरदार, गांजाच्या रकान्याबद्दल नक्की छापतो.

मुखत्यार, ९०-१२०-१८० दिवसांचे टप्पे आहेत, तर मग दहा-दहा, वीस-वीस वर्षं आत असलेले लोक कुठल्या कलमाखाली राहतात? चौथा प्रश्न अजून मोकळाच आहे.

---

घरभेट

कुठल्याच कलमाखाली नाही. कलम १९ स्पष्ट म्हणतं की कुटुंब नाही, कुटुंब घेत नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. अशांसाठी अर्धवास गृहं, समूह निवास उभं करणं सरकारचं कर्तव्य आहे. गौरवकुमार बन्सल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये बरे झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी राज्यांना हेच बजावलं. पण फाटकाबाहेर सोडून देणं म्हणजे डिस्चार्ज नव्हे. घर सापडत नाही तोवर माणूस राहतो, आणि मधल्या काळात तो ‘जुना रुग्ण’ होऊन बसतो.

घर शोधणं हे काम कसं चालतं ते सांगते, कारण रुग्णालयाची खरी कसोटी इथे लागते असं माझं ठाम मत आहे.

‘तुमचा पत्ता सांगा’ हा प्रश्न निरुपयोगी. उत्तर येत नाही, किंवा पंधरा वर्षांपूर्वीचं येतं. त्याऐवजी: बाजार कुठल्या वारी भरायचा? जत्रा कुठल्या देवाची? नदी ओलांडून शाळेत जायचात का? शेतात काय पेरायचे? एसटी कुठून सुटायची आणि बोर्डावर काय लिहिलेलं असायचं? भाकरी कशाची? बोलीवरून जिल्हा कळतो, आठवडी बाजारावरून तालुका, देवावरून गाव. परप्रांतातला रुग्ण असेल तर त्या भाषेचा माणूस फोनवर घ्यायचा. आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं तर तो ‘हो’च म्हणत राहतो. मग त्या ठाण्याला फोन, हरवलेल्यांच्या नोंदीशी ताळा, सरपंच, पोलीस पाटील. आधारचा एक मार्ग चांगला लागू पडतो: नवीन आधार काढायला बोटांचे ठसे दिले आणि ‘आधीच नोंद आहे’ म्हणून अर्ज परत आला, तर ती आनंदाची बातमी असते. जुनी नोंद म्हणजे जुना पत्ता.

घर सापडल्यावरची अडचण वेगळी. आईवडील असेपर्यंत दार उघडं असतं. ते गेले की भाऊ, भावजय, त्यांची मुलं, दोन खोल्या, एखाद्या मुलीचं ठरत आलेलं लग्न. जमिनीत हिस्सा असेल तर ते आणखी नाजूक. या लोकांना दुष्ट ठरवून काही साधत नाही. बहुतेकांनी आजाराचं सगळ्यात वाईट रूप पाहिलेलं असतं आणि बरं झालेलं रूप कधीच पाहिलेलं नसतं. म्हणून आधी रुग्णालयात बोलावून दिवसभर बरोबर बसवायचं. मग थेट डिस्चार्ज न देता कलम ९१ ची रजा, थोड्या दिवसांची, गणपती किंवा शिमग्याला जोडून. सणाला घरात माणसं असतात, कामं असतात, नव्याने आलेल्यावर एकट्यावर नजर राहत नाही. परत आल्यावर दोघांशी वेगवेगळं बोलायचं, आणि मगच पुढचं.

डिस्चार्जच्या वेळी पिशवीत काय असावं: औषधांची चिठ्ठी मराठीत, गोळीचा रंग आणि वेळ लिहून, पुढच्या तारखेपेक्षा आठवडाभर जास्तीची औषधं, कारण पावसाळ्यात घाट बंद पडतो, एसटी चुकते, महिन्याचं इंजेक्शन असेल तर शेवटची तारीख आणि पुढची तारीख, आणि घराजवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात तीच औषधं मिळतात त्याचं नाव. हे शेवटचं फोन करून, साठा विचारून लिहायचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या बाह्यरुग्ण विभागात बहुतेक औषधं असतात, पण क्लोझापिन आणि लिथियम असेलच असं नाही. औषध मिळालं नाही म्हणून बंद, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दाखल, हे चक्र डॉक्टरांच्या चुकीपेक्षा कितीतरी जास्त वेळा औषधाच्या अंतरामुळे होतं.

घरच्यांना खुणा शिकवायच्या त्या मोजक्याच: सलग तीन रात्री झोप नाही, अंघोळ सुटली, जेवणावर संशय, गोळी ‘घेतली’ म्हणतो पण पाकिटात शिल्लक. यातलं काही दिसलं की वाट न बघता फोन. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात.

कागदांत अपंगत्वाचा दाखला सगळ्यात उपयोगी. मानसिक आजारासाठी चार गोष्टींवर गुण देतात: स्वतःची निगा, लोकांशी संबंध, संवाद आणि आकलन, काम. त्यात आजाराची वर्षं धरतात. ४० टक्के आणि वर आल्यास योजनांचा लाभ घेता येतो. रुग्णालयात असतानाच तो काढून, बँक खातं उघडून दिलं तर घरी परतणारा माणूस रिकाम्या हाताने जात नाही. भावाच्या घरात त्याची जागा त्यामुळे बदलते.

---

मुखत्यार

घरभेट यांच्या मुद्द्याला जोडून: घर सापडलंय, हिस्सा आहे, आणि तरी घरात घेत नाहीत, अशा वेळी कलम १९ मध्येच कुटुंबाच्या घरात राहण्याच्या हक्कासाठी कायदेशीर मदतीची तरतूद आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज मोफत होतो. रुग्णाने स्वतः सही केलेला अर्ज घ्या. ‘मनोरुग्णाची सही चालत नाही’ हा समज चुकीचा आहे.

---

दप्तरदार

सड्यावरचा_वारा, भेटीला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. उपचार चालू असलेल्या व्यक्तीचा फोटो किंवा तिची माहिती तिच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही (कलम २४). पाठमोरा, चेहरा धूसर केलेला फोटोही गावात ओळखू येतो. वैद्यकीय अधीक्षकांना लेखी पत्र द्या, त्यात विषय, तारीख आणि काय काय पाहायचं आहे ते लिहा, पोच घ्या. विभाग पाहायला मागा: बाह्यरुग्ण विभाग, व्यवसायोपचार, स्वयंपाकघर, नोंदणी कक्ष. आणि रात्रपाळी यांनी सांगितलेली ती वही दाखवतात का, ते विचारा. नावं झाकून दाखवली तरी चालेल.

१८९० च्या आसपासच्या अहवालातलं एखादं कोष्टक छापायचं ठरलं तर मला व्यक्तिगत निरोपातून पान पाठवा. भाजक कोणता आहे ते बघून सांगतो.